पैठणीच्या फोटोतून रंग काढताना सोनेरी जर आणि मोर कुठे गायब होतात?

अबोलीची_वेणी
पैठण्यांच्या फोटोंचा कॅटलॉग करते आहे. प्रत्येक फोटोखाली पाच रंगांच्या चौकटी दाखवायच्या आहेत आणि पुढे त्यावरूनच शोध द्यायचा आहे. 'डाळिंबी अंग, हिरवा काठ' असं टाकलं की तशाच साड्या समोर यायला हव्यात. पायथन आणि पिलो (त्यातली फोटो हाताळायची लायब्ररी) वापरते. फोटो १६०० बाय १२००, मागे करडा पडदा. कोड अगदी एवढासा: फोटो उघडायचा, आरजीबीत बदलायचा, क्वांटाइझला (फोटोतले रंग कमी करणारं फंक्शन) ५ रंग सांगायचे आणि आलेलं पॅलेट वाचायचं.

येतात ते दोन-तीन करडे, एक अंगाचा रंग आणि एक मातकट. जर नाही, पदरावरच्या मोराची निळाई नाही. संख्या ५ ची १० केली तर करडेच वाढतात. लायब्ररी बदलू की पद्धत?

कुंचला
लायब्ररी राहू द्या, पद्धत बदला. पिलोचं क्वांटाइझ आरजीबी फोटोवर डिफॉल्टने मीडियन कट चालवतं. पॉल हेकबर्टने १९८२ मध्ये मांडलेली ही पद्धत. सगळे पिक्सेल लाल-हिरव्या-निळ्याच्या एका ठोकळ्यात भरायचे, ठोकळा लांब बाजूने कापायचा, आणि कापायचा असा की दोन्हीकडे साधारण सारखेच पिक्सेल यावेत. मग तुकड्यांचे तुकडे. शेवटी प्रत्येक तुकड्याची सरासरी म्हणजे एक रंग.

आता तुमच्या फोटोचं गणित करू. एकूण पिक्सेल १९,२०,०००. पडद्याने ६० टक्के जागा घेतली तर ते झाले ११,५२,०००. मोराची निळाई ०.४ टक्के धरली तर ७,६८०. आठ रंग मागितले की एकेका तुकड्यात सुमारे २,४०,००० पिक्सेल येतात. मोर त्यातले ३.२ टक्के. सरासरीत तो विरघळतो आणि मातकट रंग तयार होतो. करडे जास्त येतात कारण पिक्सेल जास्त तिथे कापाकापी जास्त.

पॅलेट काढणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या मुळात 'सर्वात जास्त काय आहे' हे सांगतात. तुम्हाला हवंय 'वेगळं काय आहे'. हे दोन निराळे प्रश्न आहेत.

बिंदुमाधव_०७
मीडियन कट सोडा आणि सायकिट-लर्नमधलं के-मीन्स (जवळच्या रंगांचे गट पाडणारी पद्धत) लावा. ८ क्लस्टर, म्हणजे ८ गट, झालं काम.

कुंचला
@बिंदुमाधव_०७, के-मीन्सही संख्येच्याच बाजूने झुकतं. प्रत्येक पिक्सेलच्या अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करायची एवढंच त्याला कळतं. साडेअकरा लाख करड्या पिक्सेलांत पडद्याच्या सावलीमुळे थोडा जरी फरक असला, तरी तो करडा दुभंगून बेरीज जास्त कमी होते. साडेसात हजार मोरांना वेगळी जागा देऊन तेवढा फायदा होत नाही.

निळावंती
साडेसात हजार मोर! अख्ख्या येवल्यात एवढे विणून होतील का हो? :)

धोटा
आधी पार्श्वभूमी काढा, बाकी सगळं नंतर. पडदा करडा आणि एकसारखा असेल तर फोटोच्या चारही कडांवरची २० पिक्सेलांची पट्टी घ्या, तिचा लॅबमधला (उजळपणा एल आणि रंगाचे ए, बी असे तीन आकडे देणारी रंगपद्धत) मध्यक काढा आणि त्यापासून डेल्टा-ई (दोन रंगांमधलं अंतर) ८ च्या आतले पिक्सेल वगळा. मात्र सरसकट वगळू नका. साडीतच करडा किंवा पांढरा असेल तर तोही जाईल. कडेला चिकटलेला सलग भाग तेवढाच उडवायचा, म्हणजे कडेपासून फ्लड-फिल.

पडदा एकसारखा नसेल तर ओपनसीव्ही लायब्ररीचं ग्रॅबकट, ते वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी काढतं. साडीभोवती एक चौकोन द्या, ५ फेऱ्या पुरतात. परत येणाऱ्या मास्कमध्ये ० ते ३ अशा किमती असतात, त्यातल्या १ आणि ३ ठेवायच्या. १ म्हणजे नक्की साडी, ३ म्हणजे बहुधा साडी. नुसती १ ठेवली तर फक्त चौकोन दिलेला असताना हाती काहीच लागत नाही, कारण चौकोनाच्या आतलं सगळं २ किंवा ३ मध्येच पडतं.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: अख्ख्या साडीचं एक पॅलेट मागूच नका. अंग, काठ आणि पदर यांचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाचे दोन-तीन रंग काढा. तुमचा शोधही तसाच चालणार आहे ना?

अबोलीची_वेणी
हो, शोध तसाच हवाय. फोटो सगळे एकाच मांडणीत आहेत, त्यामुळे तीन चौकोन ठरवून कापता येतील. पण पदरात मोर, मुनिया, असावलीची वेल, मागे भरगच्च जर. पार्श्वभूमी गेली तरी तिथे मोर हरतोच.

कुंचला
तिथे वजन बदलायचं. पायऱ्या अशा.

आधी प्रत्येक चॅनलची किंमत ८ ने भागून पूर्णांक ठेवा, म्हणजे चॅनलमागे ५ बिट उरतात आणि एकूण ३२,७६८ डबे होतात. प्रत्येक डब्यात किती पिक्सेल पडले ते मोजा (नमपाय या गणिताच्या लायब्ररीचं युनिक, काउंट परत मागून) आणि डब्यातल्या खऱ्या पिक्सेलांची सरासरी जपून ठेवा. ३०-४० पिक्सेलांहून लहान डबे फेका, तो बहुतेक नॉइज असतो. उरलेल्या डब्यांचे रंग लॅबमध्ये न्या. मग के-मीन्स, पण सॅम्पल-वेट (प्रत्येक डब्याचं वजन) म्हणून संख्या न देता संख्येचं वर्गमूळ द्या. मघाचंच उदाहरण: ११,५२,००० आणि ७,६८० यांचं प्रमाण १५० ला १. वर्गमूळ घेतलं की ते १२ ला १ वर येतं. मोराला बोलायला जागा मिळते.

क्लस्टर हवेत त्यापेक्षा जास्त मागा. तीन हवे असतील तर १६ मागा आणि नंतर जवळचे एकत्र करा. रँडम-स्टेटला (के-मीन्सची सुरुवातीची निवड यावर ठरते) एक ठरावीक आकडा द्या, नाहीतर त्याच साडीचे आज एक आणि उद्या दुसरे रंग येतील आणि शोध बिघडेल.

सव्यसाची_पुणे
वर्गमूळाच्या युक्तीत एक खड्डा आहे. १०,००० पिक्सेल एकाच डब्यात असतील तर वजन १००. तेच १०,००० शंभर डब्यांत विखुरले तर प्रत्येकी १०० पिक्सेल, वर्गमूळ १०, आणि एकूण वजन १,०००. म्हणजे जो भाग जास्त चकाकतो किंवा ज्यात नॉइज जास्त, त्याला दसपट वजन मिळतं. पैठणीत असा भाग कोणता? जरच! मोराला वाचवायला जाल आणि अख्खा पदर सोनेरी होऊन बसेल.

कुंचला
बरोबर पकडलंत. डबे मोजण्याआधी ओपनसीव्हीचा मीडियन ब्लर ३ चा लावला की विखुरणं बरंच कमी होतं. ५ चा लावू नका, बारीक रेषा खाऊन टाकतो.

धोटा
जरीचा प्रश्न ब्लरने सुटणार नाही. जर हा एक रंग नाहीच. धातूवरून उजेड परततो, त्यामुळे एकाच काठात गडद तपकिरी, गेरूसारखा, मोहरीसारखा, पिवळसर आणि जवळजवळ पांढरा असे सगळे पिक्सेल असतात. आरजीबीत ते एका लांब रेषेवर पसरतात आणि के-मीन्स त्या रेषेचे तीन-चार तुकडे करतं. तेव्हा १६ क्लस्टर काढून झाले की प्रत्येकाचा लॅबवरून रंगकोन काढा, म्हणजे बी आणि ए यांचा आर्कटॅन-टू. कोन एकमेकांपासून १० अंशांच्या आत आणि उजळपणा मात्र दूरदूर पसरलेला, असे क्लस्टर एका काठात दिसले की ती जर समजायची आणि एकत्र करायची. प्रतिनिधी म्हणून सरासरी घेऊ नका, ती मेलेली तपकिरी येते. उजळपणाच्या चढत्या क्रमाने लावून सत्तराव्या शतमकाजवळचा पिक्सेल घ्या. तो डोळ्याला सोनं वाटतो.

निळावंती
प्रतिनिधीबद्दल +१. फक्त जरीलाच कशाला, सगळीकडेच क्लस्टरचा मध्य न दाखवता मध्याच्या सर्वात जवळचा खरा पिक्सेल दाखवावा. मध्य हा हिशेबातून आलेला रंग, तो साडीत कुठेही नसण्याची शक्यता असते. चौकटीतला रंग कापडावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

कोडकोकण
अँड्रॉइडवर करणाऱ्यांसाठी. तिथल्या पॅलेट लायब्ररीत एक डिफॉल्ट गाळणी आहे आणि ती आपल्याकडच्या रंगांवर नेमकी घाव घालते. एचएसएलमध्ये (रंगकोन, संपृक्तता, उजळपणा) उजळपणा ०.०५ पर्यंत असलेले काळे आणि ०.९५ पासून पुढचे पांढरे ती टाकून देतेच. शिवाय रंगकोन १० ते ३७ अंश आणि संपृक्तता ०.८२ पर्यंत असा आणखी एक पट्टा ती वगळते. त्वचेच्या बहुतेक छटा याच पट्ट्यात येतात.

जरीचा एक पिक्सेल घ्या: १७६, १३२, ७२. कोन येतो ३४.६ आणि संपृक्तता ०.४२. बाद.

वारलीचं चित्र घ्या. गेरूची भिंत १५०, ७५, ४५ धरली तर कोन १७ आणि संपृक्तता ०.५४. बाद. तांदळाच्या पिठीचा पांढरा २५०, २४८, २४० धरला तर उजळपणा ०.९६. तोही बाद. चित्रात दोनच रंग आणि दोन्ही गाळणीत अडकले! मग पॅलेटमध्ये येतात ते भिंतीच्या सावल्या आणि रेषांच्या कडेचे मिश्र रंग.

उपाय एका ओळीचा: बिल्डरवर क्लिअर-फिल्टर्स बोलावा आणि मगच जनरेट. आणि 'व्हायब्रंट' (भडक रंग) मिळेलच असं धरू नका. त्या व्याख्येत बसणारा रंग नसेल तर नल (रिकामी किंमत) परत येतो आणि ॲप तिथेच कोसळतं.

सव्यसाची_पुणे
गेरूचं हे उदाहरण फार चांगलं दिलंत. त्यात भर: ती लायब्ररी फोटो आधी १२,५४४ पिक्सेलांइतका, म्हणजे ११२ बाय ११२ च्या क्षेत्रफळाएवढा लहान करते. १६०० बाय १२०० चा फोटो सुमारे १३० बाय ९७ होतो, साधारण १५० पिक्सेलांमागे १ उरतो. दोन पिक्सेल जाडीची जर असेल तर ती राहणं नशिबावर. रिसाइझ-बिटमॅप-एरिया वाढवून द्या.

बिंदुमाधव_०७
ब्राउझरमध्ये कलर थीफ ही पॅलेट लायब्ररी वापरणाऱ्यांनीही बघा. त्याच्या गेट-पॅलेटला क्वालिटी डिफॉल्ट १० असते. १० म्हणजे भारी दर्जा असं वाटतं, पण अर्थ आहे 'दर दहावा पिक्सेल बघ'. सगळे हवेत तर १ द्या. आणि फोटो दुसऱ्या डोमेनवर असेल तर कॅनव्हास 'डागाळतो' आणि पिक्सेल वाचताना सिक्युरिटी एरर येते. इमेजला क्रॉसओरिजिन ॲनॉनिमस लावायचं, तेही एसआरसी देण्याआधी, आणि सर्व्हरनेही परवानगीचा हेडर पाठवायला हवा. दोन्हींपैकी एक राहिलं की चालत नाही.

मीनाक्षी_सॅन_होजे
लहान करण्याचा विषय निघालाय तर धूपछाव कापडाबद्दल विचारते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. तिथे कुठला रंग खरा मानायचा?

धोटा
ताणा लाल २००, ३०, ६० आणि बाणा हिरवा २०, १२०, ७० असं धरू. अगदी जवळून काढलेल्या फोटोत दोन्ही धागे वेगवेगळे पिक्सेल म्हणून दिसतात आणि पॅलेटमध्ये लाल, हिरवा असे दोन रंग येतात. चार फुटांवरून माणसाला दोन्ही मिसळून तिसराच रंग दिसतो. साडी ओळखताना लोक हा तिसरा रंगच सांगतात. म्हणून अंगासाठी सरासरी घेऊन लहान करणं योग्य आहे. काठ आणि पदरासाठी नाही, तिथे पिलोच्या रिसाइझला निअरेस्ट सांगा, कारण डिफॉल्ट बायक्यूबिक कडेला नसलेले रंग तयार करतं.

सव्यसाची_पुणे
पण सरासरी रेषीय प्रकाशात घ्या! फोटोतले ० ते २५५ हे आकडे गॅमा लावलेले असतात, उजेडाच्या प्रमाणात नसतात. धोटा यांच्याच आकड्यांची सरळ सरासरी ११०, ७५, ६५ येते, मळकट चॉकलेटी. एसआरजीबीची (फोटोंच्या नेहमीच्या रंगमानकाची) गॅमा उलटवून, सरासरी घेऊन, परत लावली तर १४७, ८९, ६५ येतं. हा विटकरी. डोळ्यात दोन धाग्यांचा उजेड मिसळतो, म्हणून दुसरं उत्तर कापडाशी जुळतं. पिलो रिसाइझ करताना हे आपणहून करत नाही, फ्लोटमध्ये बदलून हाताने करावं लागतं.

मीनाक्षी_सॅन_होजे
चॉकलेटी आणि विटकरी! केवढा फरक. वाखू (वाचनखूण) साठवली.

कोडकोकण
ओपनसीव्ही आणि पिलो एकत्र वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासा. ओपनसीव्ही फोटो निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं. क्रम न उलटता पुढे दिलं तर मोर नारिंगी होतो आणि कुंकवाचा रंग निळा. हे निदान दिसतं तरी. दुसरी चूक दिसत नाही: ८ बिटांच्या फोटोवर ओपनसीव्हीचं लॅब उजळपणा ० ते २५५ मध्ये ताणून देतं आणि ए, बी मध्ये १२८ मिळवतं. मग डेल्टा-ईच्या मर्यादा सगळ्या चुकतात, कारण उजळपणाचा फरक अडीचपट मोजला जातो. एकतर आधी फ्लोट-३२ करून २५५ ने भागा, किंवा सायकिट-इमेजचं आरजीबी-टू-लॅब वापरा, ते उजळपणा ० ते १०० मध्येच देतं.

निळावंती
फोटोची फाइलही तपासायला हवी. चॅटवरून आलेला जेपेग घेऊ नका, मूळ फाइल मागवा. जेपेगमध्ये बहुतेकदा ४:२:० असतं, म्हणजे उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकटीला एकच. एका पिक्सेलची लाल रेघ हिरव्यावर असेल तर तिचा लालपणा शेजाऱ्यांत वाटला जातो. तो परत आणणारी लायब्ररी नाही. पुन्हा जतन करताना पिलोला सबसॅम्पलिंग ० सांगा.

बऱ्याच फोनचे फोटो डिस्प्ले पी-३ प्रोफाइलचे (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणारं मानक) असतात. ते आकडे एसआरजीबी समजून वाचले की राणी रंग फिका पडतो. इमेजच्या इन्फोमध्ये आयसीसी प्रोफाइल आहे का बघा आणि असेल तर इमेज-सीएमएसने एसआरजीबीत बदलून मगच पुढे जा.

पार्श्वभूमी कापलेल्या पीएनजीचं आणखी एक: ती थेट आरजीबीत बदलली की पारदर्शक भागाखाली लपलेला रंग, बहुधा काळा, वर येतो. आधी अल्फा (पारदर्शकतेचा आकडा) बघून ते पिक्सेल गाळा.

बिंदुमाधव_०७
अवांतर: नावं कशी देणार? रामा कुठे संपतो आणि मोरपंखी कुठे सुरू होतो? आमच्याकडे आमसुली म्हणतात त्याला शेजारच्या गल्लीत जांभळा म्हणतात.

मीनाक्षी_सॅन_होजे
आणि श्रीखंडी. केशर घातलेलं की न घातलेलं? :)

धोटा
नावांचा तक्ता इंटरनेटवरून उचलू नका. ज्या दुकानासाठी कॅटलॉग आहे तिथल्याच माणसाने नाव सांगितलेले कापडाचे तुकडे त्याच उजेडात, त्याच कॅमेऱ्याने टिपा. प्रत्येक नावाचे तीन-चार तुकडे हवेत, एक पुरत नाही. शेजारी करडं कार्ड ठेवा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स सारखा करा. हे नसेल तर पिवळ्या दिव्याखाली अबोली केशरी होते आणि पुढचं सगळं गणित बरोबर असूनही नाव चुकतं. मग नवीन रंगाला सर्वात जवळचं नाव सीआयई-डीई-२००० (डेल्टा-ई मोजायचं सुधारित सूत्र) च्या अंतराने द्या. दोन नावांमधलं अंतर जवळजवळ सारखं आलं तर दोन्ही जोडा, म्हणजे आमसुली शोधणारीलाही मिळेल आणि जांभळा शोधणारीलाही.

सव्यसाची_पुणे
एक बारकावा: सीआयई-डीई-२००० के-मीन्समध्ये बसत नाही, ते साधं सरळ रेषेतलं अंतर नव्हे. क्लस्टर लॅबमध्ये करा, एकत्र करताना आणि नावं देताना २००० वापरा. लॅबमध्ये निळे जांभळ्याकडे कलतात, म्हणून मोरासाठी २०२० मध्ये ब्यॉर्न ओटोसनने मांडलेला ओकेलॅब (लॅबसारखीच रंगपद्धत) करून बघण्यासारखा आहे. फक्त त्यात उजळपणा ० ते १ असतो, लॅबच्या मर्यादा जशाच्या तशा नेल्या तर सगळे रंग एकच होऊन जातील.

अबोलीची_वेणी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन तुकडे केले, पार्श्वभूमी कडेच्या पट्टीवरून काढली, मीडियन ब्लर ३, वर्गमूळ, १६ क्लस्टर, खरा पिक्सेल. पदरात मोर आला! निळा आणि मानेचा हिरवा वेगळे आले. जरही एकच आणि सोनेरी.

आता मूळ प्रश्नाचं उरलेलं टोक. अंगाचा तुकडा एकाच रंगाचा असला तरी निऱ्यांमुळे तीन रंग येतात: डाळिंबी, गडद डाळिंबी आणि जवळजवळ काळा. एकत्र करायची मर्यादा वाढवली तर काठात हिरवा आणि मोरपंखीही एक होतात.

सव्यसाची_पुणे
मर्यादा वाढवू नका, उजळपणाचं वजन कमी करा. सीआयई-डीई-२००० मध्ये के-एल नावाचा गुणक आहे, डिफॉल्ट १. कापडासाठी तो २ ठेवण्याची पद्धत आहे. सायकिट-इमेजच्या फंक्शनला तो सरळ देता येतो. उजळपणाचा फरक निम्मा मोजला जातो, रंगकोनाचा तसाच राहतो. घडीची सावली बहुतांशी उजळपणाच बदलते, त्यामुळे तिन्ही डाळिंबी जवळ येतात आणि हिरवा-मोरपंखी वेगळे राहतात. क्लस्टर करतानाही हेच हवं असेल तर लॅबमधला एल २ ने भागून मग के-मीन्सला द्या. प्रतिनिधी निवडताना मात्र एकत्र केलेल्यातला सर्वात मोठा क्लस्टर धरा, मध्य धरलात तर सावली पुन्हा आत येते.

धोटा
अगदी गडद सावलीत कोनही भरवशाचा राहत नाही. एल १५ च्या खाली गेला की ए आणि बी इतके लहान होतात की नॉइजच कोन ठरवतो. त्यामुळे अंगाच्या तुकड्यात एल १५ खालचे पिक्सेल मोजण्याआधीच सोडून द्या. फक्त चंद्रकळा असेल तर ही अट बंद, नाहीतर काळी साडी गायब होऊन नुसता लाल काठ उरेल. ओळखायला सोपं आहे: अंगाच्या तुकड्यात निम्म्याहून जास्त पिक्सेल एल १५ खाली असतील तर ती सावली नव्हे, साडीच काळी.

अबोलीची_वेणी
के-एल २ लावलं. अंगाला एकच डाळिंबी, काठ हिरवा आणि जर. चंद्रकळेची अट आता घालते आहे.